चिपळूणच्या गोळ्या

बावीस वर्षांनी कुबरा सौदीतल्या हुफूफला परत आली ती बिऱ्हाड आवरायला. तिचा नवरा सिराजुद्दीन परकार गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात छत्तीस वर्षं काउंटरमागे उभा होता. २०१९च्या जानेवारीत नियम आला की अशा दुकानांत सौदी माणसंच जास्त हवीत. दुकानातल्या चौघांपैकी बाहेरचा एकच ठेवता येणार होता आणि तो कोण, हे कफील, म्हणजे परवाना देणारा सौदी मालक, ठरवणार होता. सिराजुद्दीननं फोनवर एवढंच सांगितलं, "तीन महिन्यांचा व्हिसा काढलाय. तू ये. सामान काय ठेवायचं, काय टाकायचं, मला काही सुधरत नाही."

शेवटचं वाक्य कुबराला खटकलं. गावी, गोवळकोटच्या घरातली कपाटाची चावी कुठल्या बरणीमागे आहे, हे तिकडून फोनवर सांगणारा हा माणूस. त्याला सुधरत नाही म्हणजे काय?

दम्मामच्या विमानतळावर तो न्यायला आला होता. शेजारच्या खोलीत राहणारा श्रीवर्धनचा ताजुद्दीन गाडी चालवत होता. सदऱ्याची कॉलर सिराजुद्दीनच्या मानेभोवती सैल लोंबत होती. वाटेत त्यानं दोनदा विचारलं, "अफशाँ पुण्याला पोचली का नीट?" दोन्ही वेळा कुबरानं मुलीबद्दल सारखंच उत्तर दिलं आणि दुसऱ्यांदा देताना खिडकीबाहेर बघितलं.

घर तेच होतं. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. ती इथे पहिल्यांदा आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेव्हा खजुरीच्या बागा दिसायच्या. आता तिथे तीन मजली इमारत होती आणि तिचे एसी दिवसभर गुरगुरत असायचे. पण गच्चीचा कठडा तसाच होता. त्या कठड्यापलीकडून उम्म हसन नावाची शेजारीण तिला हाक मारायची आणि गरम भाकर द्यायची. उम्म हसनला हिंदी येत नव्हती, कुबराला अरबी येत नव्हती. वर्षभर दोघी भांडी, भाज्या, मुलं दाखवून दाखवून बोलल्या, आणि दुसऱ्या वर्षी कुबरा अरबीत भांडायला शिकली. शुक्रवारी तिघं बागेत जायची. सिराजुद्दीन झऱ्याच्या हौदात पोहायचा, ती अफशाँला मांडीवर घेऊन पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायची. उम्म हसननं दिलेला त्या भागातला तांबडा हसावी तांदूळ ती शिजवून न्यायची. त्याची चव गावच्या लाल भातासारखी लागायची, म्हणून दोघं हसायची, की एवढ्या लांब येऊन जेवलो तर पेजेचाच भात.

मग सत्त्याण्णव साली सासूला अर्धांगवायू झाला. कुबरा पाच वर्षांच्या अफशाँला घेऊन सहा महिन्यांसाठी म्हणून गावी गेली. सासू नऊ वर्षं जगली. नंतर अफशाँची शाळा, मग कॉलेज, मग लग्न. सिराजुद्दीन दर वर्षी महिनाभर यायचा आणि जायचा. बाकीचे अकरा महिने संसार चालायचा तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून. गोवळकोटहून कुणीही निघालं की कुबरा त्याच्याकडे पुडकं द्यायची. त्यात सुके बोंबील, तांदळाची सांदणं, कोकम असायचं. आणि गेली आठ वर्षं गोळ्या. एका सुट्टीत चिपळूणच्या डॉक्टरांनी सिराजुद्दीनची साखर आणि ब्लडप्रेशर दोन्ही जास्त निघालं म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी कुबरा एसटीनं चिपळूणला जायची, गोळ्या आणायची, कागदात बांधायची आणि प्रत्येक कागदावर बॉलपेननं लिहायची: सकाळी, न्याहारीआधी. रात्री, जेवणानंतर. विसरू नये.

आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिला त्याच्या टेबलाचा खण दिसला. आत गोळ्यांचा नुसता गोंधळ होता. तिनं पाठवलेल्या पट्ट्या होत्या, इथल्या दवाखान्यातल्या अरबी डब्या होत्या, ताजुद्दीननं दिलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या होत्या. काही पट्ट्या अर्ध्या, काही न उघडलेल्या.

"अवो, हे काय? घेता का नाही गोळ्या?"

"घेतो. कधी राहतात. दुकानातून आलो की दमायला होतं."

"आणि ह्या डब्या कसल्या?"

"विम्याच्या दवाखान्यातल्या. दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाला साखर वाढलीय, गोळी मोठी केली त्यानं."

"वाढणारच. खणात ठेवून साखर उतरते का?"

त्याच दुपारी तिनं स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा घासून-पुसून कोरडा केला. त्यातल्या सात वाट्यांत तिनं सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून काढून भरल्या आणि रिकाम्या डब्या कचऱ्यात टाकल्या. कुठली सकाळची, कुठली रात्रीची, हे सिराजुद्दीनकडून एकदा ऐकून तिनं पाठ केलं. रोज सकाळी ती तळहातावर पाच गोळ्या ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. इतक्या वर्षांत तिला हे करायला मिळालं नव्हतं. त्या पाच मिनिटांत तिला फार बरं वाटायचं.

आठवडा गेला आणि सिराजुद्दीन सुधारण्याऐवजी खचत चालला.

सकाळी अकराच्या सुमाराला त्याचे हात थरथरायचे. घाम यायचा, तोही फेब्रुवारीच्या गार हवेत. एका गिऱ्हाइकानं मागितलेला पट्टा सोडून त्यानं भलताच दिला आणि तो पट्टा परत करायला आलेल्या माणसावर ओरडला. छत्तीस वर्षांत तो कुणावर ओरडला नव्हता. प्रत्येक गाडीचा प्रत्येक भाग नंबरासकट तोंडपाठ असलेला माणूस. कफीलनं त्या दिवशी सिराजुद्दीनला लवकर घरी पाठवलं.

"झालं माझं," सिराजुद्दीन बूट न काढताच खुर्चीत बसला. "आता तो मला कशाला ठेवेल? आणि ठेवावं तरी कशाला?"

ताजुद्दीन म्हणाला, "भाभी, वय झालं. वरून दुकानाचं मनाला लागलंय. गावी गेला की बरा होईल." कुबरालाही तसंच वाटलं. तिच्या आत्याचं असंच झालं होतं. आधी नावं विसरली, मग माणसं.

पुढच्या शुक्रवारी तो नमाजेला जायच्या आधी ती भाजी चिरत होती. सिराजुद्दीन दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा, कपाळावर घामाचे थेंब.

"कुबरा, अफशाँ निजली का?"

"काय?"

"गलका करू नको. आत्ता तर निजली ती." त्यानं बोट ओठांवर ठेवलं आणि पूर्वी तिचा पाळणा असायचा त्या जागेकडे बघितलं. तिथे आता वॉशिंग मशीन होतं.

कुबराच्या हातातली सुरी तशीच राहिली. तिनं त्याला धरून खाली बसवलं. काय करावं ते सुचेना, म्हणून पाहुणा आला की हात जिथे जातो तिथेच तिचा हात गेला. तिनं ताटलीतले खजूर त्याच्या तोंडात एकेक करून घातले आणि गोड चहाचा थर्मास उघडून कपभर पाजला. पंधरा मिनिटांनी त्याच्या डोळ्यांत ओळख आली.

"मी काय म्हणालो?"

"काही नाही. चक्कर आली तुम्हाला."

पण तिच्या मनात एक गोष्ट अडकून बसली. चार दिवसांपूर्वी दुकानातही असंच झालं होतं आणि कुणीतरी सरबत पाजल्यावर तो सावरला होता. साखर जास्त असलेला माणूस साखर खाऊन बरा कसा होतो?

तरीही शनिवारी ती औषधाच्या दुकानात गेली ती स्मरणशक्तीचं टॉनिक आणायला. दुकान त्यांच्याच रस्त्यावर होतं. पूर्वी तिथे एक मलबारी फार्मासिस्ट होता, हिंदीत बोलायचा. सिराजुद्दीननं फोनवर त्याचं नाव कितीदा घेतलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तो गेला आणि त्याच्या जागी सौदी मुलगी आली. तेव्हापासून सिराजुद्दीन त्या दुकानाची पायरी चढला नव्हता. "आपल्या जागा घेतात आणि आपल्यालाच गोळ्या विकतात," असं तो एकदा म्हणाला होता.

काउंटरमागे पांढरा कोट घातलेली मुलगी होती. नकाबातून फक्त डोळे दिसत होते. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, बतूल. कुबरानं हिंदीत सुरुवात केली. मुलीनं मान हलवली, तिला समजत नव्हतं. मग कुबरानं डोळे मिटून घेतले आणि उम्म हसनच्या गच्चीवरची अरबी शोधली. शब्द गंजले होते, पण होते.

"माझा नवरा. विसरतो. दवा पाहिजे, डोक्यासाठी."

बतूलचे डोळे हसले, तिनं कुबराला मावशी केलं. "खाला, तुमची अरबी तर माझ्या आजीसारखी आहे. हल्ली असं कुणी बोलत नाही." मग ती गंभीर झाली. "टॉनिक देते, पण आधी सांगा. विसरतात कधी? दिवसभर?"

"नाही. सकाळी. जेवणाआधी. घाम येतो, हात असे होतात." कुबरानं हात थरथरवून दाखवले. "खजूर दिला की बरे होतात."

बतूलनं हातातली बाटली परत फळीवर ठेवली. "सुक्करच्या गोळ्या घेतात ते?"

"घेतात. मीच देते. रोज."

"खाला, घरी जा आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या आणा. कुल्लू. एकही ठेवू नका. आणि त्यांनाही घेऊन या."

सिराजुद्दीन यायला तयार नव्हता. "ती काल कॉलेजातून निघालेली पोर मला काय सांगणार?" पण कुबरा मसाल्याचा डबा फडक्यात बांधून दारात उभी राहिली. तो निघाला, रस्त्यानं दोन पावलं पुढे चालत राहिला, बोलला नाही.

बतूलनं डबा उघडला. सात वाट्या, त्यांत पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या. "ह्यांच्या डब्या? पट्ट्या?" कुबरानं मान खाली घातली. इथल्या डब्या कचऱ्यात गेल्या होत्या. पण या खेपेला तिनं स्वतः गावाहून आणलेल्या न उघडलेल्या पट्ट्या अजून बॅगेत होत्या, त्या तिनं काढल्या. बतूलनं संगणकावर सिराजुद्दीनचा इकामा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा नंबर घातला आणि दवाखान्यानं लिहून दिलेल्या औषधांची यादी काढली. एका हातात भारतातली पट्टी, डोळे पडद्यावर. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव होतं. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात असलेल्या शब्दावर तिनं बोट ठेवलं.

"ग्लिमेपिराइड. साखर उतरवणारी. आणि हे बघा, दवाखान्याचं. नाव वेगळं, डबी वेगळी. आत ग्लिमेपिराइडच. नफ्स अश्शी, खाला. तीच वस्तू." मग दुसरी पट्टी. "ही ब्लडप्रेशरची. तीही दोन्हीकडची एकच. तुम्ही त्यांना सगळं दुप्पट देत होता."

कुबराला आधी शब्द कळले, अर्थ नंतर पोचला.

"साखर खूप उतरली की माणूस बरळतो, चिडतो, कधी पडतो, कधी बेशुद्धही होतो," बतूल सिराजुद्दीनकडे वळली. आता ती भरभर बोलत होती आणि त्याला सगळं समजत होतं. "अम्मी, तुम्ही दवाखान्यात सांगितलं होतं का, की घरून औषधं येतात?"

तिनं त्याला चुकून आई म्हटलं, असं मराठी कानाला वाटावं; पण तिकडच्या अरबीत 'अम्मी' म्हणजे माझे काका. सिराजुद्दीन त्या शब्दानं थोडा मऊ झाला.

"डॉक्टरनं विचारलं होतं, दुसरी काही दवा घेता का. मी नाही म्हणालो."

"का?"

त्यानं एक पट्टी उचलून उलटी-पालटी केली. बतूलनं दवाखान्यात फोन लावला आणि त्याच दुपारची वेळ घेतली. सुट्या गोळ्यांतल्या ज्या ओळखू येत नव्हत्या त्या सगळ्या तिनं ठेवून घेतल्या. "ज्या गोळीचं नाव माहीत नाही ती तोंडात घालायची नाही. आणि आज काय घ्यायचं, काय नाही, ते डॉक्टर सांगतील. मनानं बंदही करू नका." खिशात चार खजूर ठेवायला सांगून तिनं त्यांना पाठवलं. टॉनिक काही दिलं नाही.

घरी आल्यावर कुबरा गच्चीत जाऊन बसली. आठ वर्षं. एसटीच्या फेऱ्या, कुणाकुणाच्या विनवण्या, की बाबा, एवढं पुडकं तेवढं ने. तिला आपल्या हातांकडे बघवेना. सिराजुद्दीन वर आला आणि कठड्याला टेकला.

"तुम्ही सांगायचं तरी मला," ती म्हणाली. "इथे औषध चालू झालं, तू पाठवू नको, एवढंच सांगायचं."

"सांगणार होतो. पुडकं आलं की उघडायचो. वर तुझं अक्षर असायचं. 'विसरू नये.' ते वाचून मग त्या गोळ्या टाकून कशा देणार? आणि डॉक्टरला काय सांगू? त्यानं औषधाचं विचारलं होतं. मला ते औषध वाटतच नव्हतं. बोंबलासारखंच, घरून आलेलं."

कुबरा त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "आणि निम्म्या घ्यायला विसरायचात, म्हणून वाचलात."

"हो. तू आलीस आणि एकही चुकू दिली नाहीस." तो हसला. तिला हसावं का रडावं कळेना, आणि मग तीही हसली, पदरानं डोळे पुसत.

दुपारी डॉक्टरांनी रक्त तपासलं, चिपळूणच्या गोळ्या थांबवल्या, इथली साखरेची गोळीही कमी केली आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं. त्या पंधरा दिवसांत सिराजुद्दीनला एकदाही घाम फुटला नाही. तो परत माणसात आला तो हळूहळू. आधी जेवणाला चव आली. मग एका सकाळी तो दाढी करताना गुणगुणला. एका संध्याकाळी ताजुद्दीननं आपल्या जुन्या गाडीच्या पंपाची तक्रार सांगितली तेव्हा सिराजुद्दीननं खुर्चीतून न उठता भागाचा नंबर सांगितला, आणि तो कुठल्या साली बदलला तेही. ताजुद्दीननं कुबराकडे बघितलं. ती ताटं मांडत राहिली, पण तिचे कान तिकडेच होते.

मार्चमध्ये कफील स्वतः घरी आला. कॉफी प्याला आणि म्हणाला, "सिराज, नवीन मुलं पार्टची नावं यादीत शोधतात. तू सहा महिने थांब. मी जागा तुझ्यासाठी ठेवतो."

महिन्यापूर्वी हेच ऐकायला सिराजुद्दीननं कान टवकारले असते. आता त्यानं कुबराकडे बघितलं. बावीस वर्षांपूर्वी 'सहा महिने' हा शब्द दोघांनी एकदा वापरून बघितला होता.

"एप्रिल संपेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "हिचा व्हिसा आहे तोवर. मुलांना सगळं शिकवून जातो. रमजान गावी करीन."

तो दीड महिना दोघं नव्यानं लग्न झाल्यासारखी राहिली. सामान आवरायचं राहून राहून जायचं. संध्याकाळी तो दुकानातून आला की दोघं कैसरियाच्या जुन्या बाजारातून चक्कर मारायची. तिथल्या दुकानदारांना तो नावानं हाक मारायचा आणि ते तिला उठून सलाम करायचे. उम्म हसन वारली होती. तिच्या सुनेनं कुबराला दारात मिठी मारली आणि पिशवीभर तांबडा तांदूळ दिला. सिराजुद्दीन आता बतूलच्या दुकानात स्वतःहून जायचा. रोजे धरायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा बदलतात, ते आधी डॉक्टरला विचारा, असं तिनंच त्याला बजावलं. त्याच्या औषधांची यादी तिनं इंग्रजीत छापून दिली. कुबरानं त्या कागदाच्या मागच्या बाजूला मराठीत लिहून घेतलं आणि एक प्रत अफशाँला फोनवर पाठवली. गावी पोचल्यावर ती यादी चिपळूणच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवायची होती.

निघायच्या आठवड्यात गोवळकोटहून शेजारच्या अमिरुन्निसाचा फोन आला. तिचा नवरा मुनाफ सौदीतच रास अल खैरला पाण्याच्या प्लांटवर होता. कुबरा परत येण्याआधी एकजण तिकडे निघतोय, त्याच्याबरोबर मुनाफच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाठवते, असं ती सांगत होती.

"थांब, अमिरुन," कुबरा म्हणाली. "त्यांना आधी विचार, तिकडचा डॉक्टर काय देतो ते. पट्टीचा फोटो मागव. तोवर गोळ्या पाठवू नको." आणि तिनं सगळं सांगितलं, आपली चूकही.

पलीकडे कागदाचं पुडकं सोडल्याचा आवाज आला.

"मग मी काय पाठवू गे त्यांना?" अमिरुन्निसानं विचारलं.

"बोंबील पाठव. कोकम पाठव. आणि वर चार ओळी लिही, गोळीचं नाव न काढता."

शेवटच्या शुक्रवारी दोघं बागेत गेली. झऱ्याचं पाणी आता पंपानं चढवत होते, पाट सिमेंटचा होता. सिराजुद्दीननं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. कुबरा म्हणाली, आपण बसायचो ती जागा ही नव्हे, ती डाळिंबाच्या झाडाखाली होती. तो म्हणाला, डाळिंब नव्हतं, लिंबू होतं, आणि त्याच्या काट्यात अफशाँचा फ्रॉक अडकला होता. फ्रॉक पिवळा होता, उम्म हसननं शिवलेला. कुबराला फ्रॉक आठवत होता, रंग आठवत नव्हता. ती वाद घालत राहिली, कारण त्याला एकेक गोष्ट सांगताना ऐकायचं होतं. कुणीतरी बागेचा दरवाजा बंद करायला आलं तेव्हा तो अजून सांगतच होता.